कोरडी माशी

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न. तो माझा नाही, माझ्या वर्गातल्या चौथीच्या एका मुलीचा आहे.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा सुट्टीतले फोटो मी वर्गात दाखवत होते. एका फोटोत माझ्या हातात एक मासा आहे. वीतभर लांब, पोटाकडे पिवळसर, अंगावर लाल ठिपके. "हा मी पकडला आणि लगेच पाण्यात सोडून दिला," असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. आमची पोरं कोकणातली. "सोडलात?" म्हणून निम्मा वर्ग ओरडला. एकाला तर हसू आवरेना. ही मुलगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "बाई, खायचा नव्हता, तर पकडलात कशाला?"

मला उत्तर सुचलं नाही. "उद्या सांगते," म्हटलं. बाईंचा 'उद्या' कसा असतो, ते तुम्हांला ठाऊकच आहे! तर हा तो उद्या. पण आधी सगळी हकिगत ऐका.

आमच्या घरामागे एक वहाळ आहे. लहानपणी मी आणि दादा तिथे गळ टाकून बसायचो. बांबूची काठी, नायलॉनची दोरी, दोरीच्या टोकाला गळ आणि गळाला गांडूळ. काठी दादाची, गांडुळांचा डबा माझ्याकडे. वाटणी अशीच असायची, कारण तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मासा लागला की घरी नेऊन आईपुढे टाकायचा. सोडून द्यायचा विचार कुणाच्या मनातही यायचा नाही.

आता दादा इंग्लंडमध्ये असतो. नैर्ऋत्य इंग्लंडात डेव्हन नावाचा परगणा आहे, तिथल्या एक्झेटर शहरातल्या रुग्णालयात तो नोकरी करतो. मागच्या मे महिन्यात मी त्याच्याकडे गेले होते. पहिल्याच रविवारी त्यानं मला भल्या सकाळी उठवलं. "चल गो, वहाळावर जाऊया."

एक्झेटरच्या पश्चिमेला डार्टमूर आहे. ग्रॅनाइट खडकाचा उंच, उघडा माळ. वर सतत वारा आणि माळावर चरणारी बुटकी तट्टं. १९५१ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. माळावरची जमीन स्पंजासारखी, शेवाळ कुजून झालेली. ती पाऊस पिऊन ठेवते आणि हळूहळू सोडते. त्यामुळे तिथल्या ओढ्यांचं पाणी नितळ असूनही कोऱ्या चहाच्या रंगाचं दिसतं. हे ओढे माळावरून खाली उतरले की झाडीत शिरतात. हेझल, विलो, अल्डर यांच्या फांद्या दोन्ही काठांवरून एकमेकींत गुंतलेल्या, आणि खाली ब्लॅकबेरीची काटेरी जाळी. आमचा ओढा ईस्ट डार्ट नदीला मिळणारा. रुंदी किती म्हणाल, तर तुमच्यातला लांब उडीत पहिला येणारा सहज पलीकडे जाईल.

"इथे मासे?" मी विचारलं.

"गप्प रव. बघ."

आणि दादा ओढ्यापासून लांब, एका झुडपामागे, चक्क मांडी घालून बसला. काठी बाजूला ठेवून दिलेली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी उठून पाण्याकडे जायला लागले, तर त्यानं माझा कोट धरून मला खाली बसवलं. "तू उभी राहिलीस की ओढ्यातल्या सगळ्यांना कळतं."

तुम्ही विहिरीत बुडी मारून कधी वर बघितलंय का? वर एक उजेडाचं गोल भोक दिसतं आणि त्याच्या भोवतीनं पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो. मासाही असंच बघतो. हवेतून पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो. म्हणून बाहेरचं सगळं जग त्या एका गोल खिडकीत दाटीवाटीनं मावतं. या खिडकीचा कोन साधारण ९७ अंशांचा असतो. मासा १ फूट खोल असेल, तर त्याच्या डोक्यावरची खिडकी सव्वादोन फुटांची. उभा माणूस त्या खिडकीत दिसतो. वाकलेला माणूस खिडकीच्या कडेला चेपून जातो, धूसर होतो. नववी-दहावीतल्या ताई-दादांनो, तुमच्या पुस्तकातलं प्रकाशाचं अपवर्तन ते हेच. मी ते घोकून पाठ केलं होतं. ते कशासाठी, हे मला ओढ्याकाठी चिखलात बसल्यावर कळलं.

आणखी एक. ट्राउट वाहत्या पाण्यात नेहमी वरच्या अंगाला तोंड करून असतो, कारण त्याचं जेवण वाहत वाहत तिकडूनच येतं. म्हणून आपण खालच्या अंगानं, त्याच्या पाठीमागून जायचं. पावलं हळू टाकायची, कारण जमिनीतला धक्का पाण्यात पोचतो आणि माशाच्या दोन्ही कुशींवर असा धक्का ओळखणारी एक रेघच असते.

पंधराव्या मिनिटाला पाण्यावर 'टप्' असा आवाज झाला. एक वर्तुळ उमटलं आणि विरलं.

"आला," दादा कुजबुजला. "काय खाल्लं त्यानं?"

मला काय कळणार! दादानं टोपीनं पाण्यावरून वाहत आलेला एक किडा उचलला. करड्या रंगाचा, पंख शिडासारखे उभे, शेपटीला तीन केस. मेफ्लायच्या जातकुळीतला. या किड्यांची गंमत ऐका. पिल्लू असताना ते ओढ्याच्या तळाशी दगडांखाली राहतात, कित्येक महिने, काही जाती तर दोनेक वर्षं. मग एके दिवशी वर येतात, कात टाकतात, त्यांना पंख फुटतात, ते उडून झाडावर बसतात आणि तिथे पुन्हा एकदा कात टाकतात! पंख फुटल्यावर कात टाकणारे सगळ्या कीटकांत हे एवढेच. मोठ्या किड्याला खाता येईल असं तोंडच नसतं. तो एक-दोन दिवस जगतो, मादी पाण्यावर अंडी टाकते आणि संपलं.

पंख वाळेपर्यंत तो किडा पाण्यावर तरंगत जातो, आणि ट्राउट त्याला नेमका तेव्हाच गाठतो. आता दादानं काय केलं, तर खिशातून एक छोटी डबी काढली. आत कापसावर दहा-बारा किडे! नीट बघितलं तर प्रत्येकाच्या पोटाखाली एक इवलासा गळ. किडे नव्हतेच ते. पिसं आणि दोरा यांचे बनवलेले होते. याला म्हणतात ड्राय फ्लाय, म्हणजे कोरडी माशी. कोरडी, कारण ती बुडता कामा नये. कोंबड्याच्या मानेचं ताठ पीस गळाभोवती गुंडाळलं की त्याचे तंतू चहूकडे उभे राहतात आणि ती माशी त्या तंतूंच्या टोकांवर पाण्याला जणू न टेकता उभी राहते. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा असतो, त्याच्यावर. दादाची आवडती माशी होती 'ॲडम्स', अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९२२ साली पहिल्यांदा बनवलेली. तिला एक तांबूस आणि एक काळा-पांढरा पट्टेरी, अशी दोन पिसं लागतात. आपल्याकडच्या कबऱ्या कोंबड्याची पिसं चालतील का, असं मी विचारलं. दादा म्हणाला, "येताना घेऊन यायची होतीस."

ही युक्ती फार जुनी आहे बरं का. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ईलियन नावाच्या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय, की मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून वर कोंबड्याची दोन पिसं बांधतात आणि ठिपक्याठिपक्यांचे मासे पकडतात. तरंगत्या कोरड्या माशीचं शास्त्र मात्र बरंच अलीकडचं. फ्रेडरिक हॅलफर्ड या इंग्रज माणसानं १८८६ साली त्यावर पुस्तक लिहिलं आणि मग ती जगभर पसरली.

आपला गळ आपण लांब फेकतो तो शिशाच्या वजनावर. माशीला तर वजनच नाही! मग ती जाते कशी? इथे वजन दोरीला असतं. दोरी जाड आणि जड. टोकाकडे ती केसासारख्या बारीक तंगुसाला जोडलेली. काठी मागे-पुढे हलवली की दोरी चाबकासारखी हवेत उलगडते आणि माशीला सोबत घेऊन जाते. मोकळ्या नदीवर हे बघायला फार सुरेख दिसतं म्हणे. पण आमच्या ओढ्यावर काठी मागे न्यायला जागाच नव्हती. मागे हेझल, वर विलो, बाजूला काटे. माझी पहिली माशी हेझलच्या फांदीत अडकली, दुसरीही तिथेच. तिसरी ब्लॅकबेरीच्या जाळीत गेली. चौथी दादाच्या टोपीत.

मी वैतागले. "अरे, ही फांदी तेवढी कापून टाक ना!"

दादानं माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याचं घरच पाडायला सांगितलं असावं. मग त्यानं मला ती फांदी दाखवली. पानांवर हिरव्या अळ्या होत्या, भुंगेरे होते, मुंग्या होत्या. वारा आला की त्यातलं काही ना काही टपकन् पाण्यात पडत होतं. डार्टमूरच्या पाण्यात माशांना खायला फारसं नसतं. त्यामुळे हे ट्राउट वीतभरच राहतात. याच जातीचा मासा दक्षिण इंग्लंडातल्या चुनखडीच्या नद्यांत दीड-दोन किलोंचा होतो. इथे त्याचं बरंचसं जेवण वरून पडतं. शिवाय ट्राउटला थंड पाणी लागतं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि तो गुदमरतो. उन्हाळ्यात या ओढ्याला सावली कुणाची, तर याच फांद्यांची. काठ धरून ठेवतात तीही याच झाडांची मुळं आणि मासा लपतो त्या मुळांच्याच कपारीत. मी जिला कापायला निघाले होते, तिच्यामुळेच तो मासा तिथे होता.

"मग माशी टाकायची कशी?"

"धनुष्यबाण," दादा म्हणाला.

त्याची काठी जेमतेम साडेसहा फुटांची होती. त्यानं गुडघे टेकले, दोन बोटांच्या चिमटीत माशी धरली, गळाचं टोक बोटांच्या बाहेर. दोरी मागे ताणली तशी काठी धनुष्यासारखी वाकली. त्यानं नेम धरला आणि चिमूट सोडली. माशी फांद्यांखालून सूं करून गेली आणि पाण्यावर अलगद टेकली. मी टाळ्याच वाजवणार होते, पण हात आवरला.

माशी तरंगत खाली आली. मासा वर आला, माशीखाली क्षणभर थांबला आणि परत तळाशी गेला. का? तर दोरी ओढ्याच्या मधल्या वेगवान धारेत सापडली होती आणि माशीला किंचित ओढत होती. इतकं किंचित, की मला दिसलंसुद्धा नाही. पण खरा किडा पाण्याच्या वेगानंच जातो, त्याच्याहून पुढे कधी पळत नाही. माशाला एवढा फरक पुरतो. तळ्यात पाळून, दाणे घालून वाढवलेला ट्राउट कदाचित फसला असता. हा याच ओढ्यात जन्मलेला. त्याच्या आईनं हिवाळ्याच्या तोंडावर वाळू-गोट्यांत खड्डा करून अंडी घातली, तिथून तो निघाला, आणि बगळे, मोठे मासे या सगळ्यांतून वाचला. म्हणूनच १ ऑक्टोबर ते १४ मार्च या काळात तिथे हे मासे धरायला बंदी असते. अंडी घालायचा हंगाम तो. एरवीही सरकारी परवाना लागतो आणि पाण्याच्या मालकाची परवानगी. १३ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही; १३ ते १६ वर्षांच्या मुलांना तो फुकट मिळतो, पण काढावा लागतो.

(जाता जाता सांगते. आपल्या काश्मीरच्या नद्यांमधले ब्राउन ट्राउट मूळचे तिथले नाहीत. १९०० साली ब्रिटनमधून त्यांची अंडी आणली होती. त्याआधी १८६४ साली अशीच अंडी बर्फात आणि शेवाळात गुंडाळून जहाजानं ऑस्ट्रेलियाकडे नेली. प्रवास सुमारे तीन महिन्यांचा. टास्मानियाला पोचल्यावर त्यांतून पिल्लं निघाली! त्यावर पुन्हा कधीतरी.)

दुपारपर्यंत माझ्या सात माश्या झाडांना लटकल्या. दादानं त्यातल्या पाच परत मिळवल्या. उरलेल्या दोघींच्या नावानं मला अजून बोलणी बसतात. मग एका वळणावर, मुळांच्या कपारीशी, पुन्हा 'टप्' झालं. मी गुडघ्यांवर सरकत गेले. विजार भिजली, हाताला काटे लागले. चिमटीत माशी धरली, ताणली, सोडली. ती कपारीपासून हातभर वर टेकली. एक, दोन... आणि पाणी फुटलं. काठीच्या टोकाशी काहीतरी जिवंत थरथरायला लागलं.

दोस्तांनो, खोटं कशाला सांगू? त्या क्षणी मला इतका आनंद झाला, की मी मराठीत ओरडले.

दादानं आधी मला हात पाण्यात बुडवायला लावले. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याला रोगांपासून वाचवतो; कोरड्या हातानं धरलं तर तो निघून जातो. गळाला उलटा काटा नव्हता, त्यामुळे तो चटकन् सुटला. दादानं फोटो काढला. मग मी मासा पाण्यातच धरून ठेवला, तोंड वरच्या अंगाला करून. त्याचे कल्ले उघडत होते, मिटत होते. लाल ठिपक्यांभोवती फिकट कडी होती, कुणी बारीक कुंचल्यानं काढल्यासारखी. मग शेपटीचा एक फटका बसला आणि माझ्या हातात नुसतं पाणी राहिलं. एक मन म्हणत होतं, 'काय देखणा!' आणि दुसरं, आमच्या आईच्या हातचं खाऊन वाढलेलं, म्हणत होतं, 'तिखलं झालं असतं की गो!'

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. खायचा नव्हता, तर पकडला कशाला?

त्याला दुखलं का? २००३ साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी रेनबो ट्राउटवर प्रयोग केले. या माशांच्या तोंडाजवळ इजेची जाणीव करून देणाऱ्या चेतापेशी आहेत, असं त्यांना आढळलं. आपल्याला दुखतं तसंच त्यांना दुखतं का, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर, सोडून द्यायचा इराद्यानंच मासे पकडायला कायद्यानं बंदी आहे. त्यांचं म्हणणं, खायचा असेल तर धरा, नुसत्या खेळासाठी जिवाला त्रास नको. मला हे पटतं. आणि दुसरीकडे, गळ टाकणारी ही माणसंच ओढ्यांच्या काठची झाडं राखायला, पाण्यात घाण सोडणाऱ्यांशी भांडायला पुढे असतात, हे दादानं सांगितलं, तेही पटतं. दादा स्वतः वर्षातून बारा-पंधरा वेळा त्या ओढ्यावर जातो, त्यातले निम्मे दिवस नुसता बघत बसतो.

परतीच्या वाटेवर मी त्याला विचारलं, "तू कित्याक सोडतोस रे?"

तो बराच वेळ गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, "चढणीचे मासे आठवतात तुला?"

कोकणातल्या मुलांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. पहिला जोराचा पाऊस पडला, की नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध वहाळात, शेतात चढतात. तेच चढणीचे मासे. ते कशाला चढतात, तर अंडी घालायला. आणि त्या रात्री गावातली माणसं बत्त्या घेऊन, पाग आणि काठ्या घेऊन वहाळावर जातात. आम्हीही जायचो. पोटात अंड्यांची गाबोळी असलेले मासे टोपलीभर आणायचो. त्यांची चव काही औरच, असं सगळे म्हणतात आणि ती खरंच तशी असते. दादाला नववीत असतानाची एक रात्र आठवत होती. त्या रात्री त्यानं एकट्यानं चव्वेचाळीस मासे मोजले होते, सगळे पोटुशे. "तेव्हा फुशारकी मारली होती," तो म्हणाला. "आता वहाळात किती आहेत गो?"

मी म्हटलं, "कमी झालेत." त्याला कारणं पुष्कळ आहेत, वरचा बंधारा आहे, शेतातली औषधं आहेत, काठची तोडलेली झाडी आहे. पण आमचे ते चव्वेचाळीसही त्यात आहेतच.

हे सगळं मी वर्गात सांगितलं. 'उद्या' आठ दिवसांनी उजाडला, पण सांगितलं. मग पाऊस उघडला तशी आम्ही सगळी वहाळावर गेलो, मागे झुडपात बसलो, अजिबात न बोलता. चौथीचा वर्ग बारा मिनिटं गप्प बसला होता, हे मुख्याध्यापकांना अजून खरं वाटत नाही. पाण्यावर तीन वेळा वर्तुळ उमटलं. बोटाएवढे मासे होते.

परत येताना ती मुलगी माझ्या शेजारून चालत होती. म्हणाली, "बाई, तुम्ही त्या माशाला सोडणार होता, हे त्याला ठाऊक होतं का?"

"नाही गं," मी म्हटलं.

"मग तो घाबरलाच असणार."

मी काही बोलले नाही. तिनंही पुढे विचारलं नाही.

बरं, कोरडी माशी पाण्यावर कशी तरंगते ते बघायचं असेल, तर एक वाटी भरून पाणी घ्या. टिपकागदाच्या तुकड्यावर शिवणाची सुई आडवी ठेवून तो तुकडा अलगद पाण्यावर सोडा. कागद भिजून बुडेल, सुई वर राहील. नाही राहिली तर सुई नीट कोरडी करून पुन्हा करा. सुई आईला विचारून घ्या आणि मोजून परत द्या. कुणाची किती वेळ तरंगली, ते मला पत्रानं कळवा.